धर्मादाय संस्थेत डिलिव्हरी ड्रायव्हर म्हणून रुजू होताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्थेच्या गाड्यांच्या फेऱ्या लावण्याचं काम मी करते. नवीन ड्रायव्हर आला की तेच तेच प्रश्न येतात. काही पहिल्याच दिवशी, काही महिन्याभराने, आणि काही भर रस्त्यातून फोनवर. ते इथे एकत्र केले आहेत. कायदे आणि संस्थांचे नियम ठिकाणागणिक बदलतात. जिथे असा फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

१. कुरिअरची डिलिव्हरी आणि संस्थेची डिलिव्हरी यात फरक काय? गाडी तर दोन्हीकडे चालवायचीच ना?

गाडी चालवणं सारखंच. फरक दोन्ही टोकांना आहे. कुरिअरचा माल घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात. काही कमी-जास्त झालं तर तो तक्रार करतो, परतावा मागतो. इथे घेणाऱ्याने पैसे दिलेले नसतात, त्यामुळे खोकं फाटलं, एखादी वस्तू कमी निघाली किंवा दोन तास उशीर झाला तरी तो बहुधा गप्प बसतो. म्हणून तक्रार आली नाही म्हणजे सगळं नीट पोचलं असं धरून चालत नाही. ते तुम्हालाच पाहावं लागतं.

दुसऱ्या टोकाला देणगीदार असतो. त्याने दिलेली वस्तू योग्य घरी गेली याचा पुरावा म्हणजे तुम्ही परत आणलेली सही. शिवाय बऱ्याच संस्थांत एकाच दिवसात देणगीचं सामान गोळा करणं, गोदामात उतरवणं, वाटपाचा माल पोचवणं आणि नोंदी लिहिणं ही सगळी कामं ड्रायव्हरकडे असतात. आणि ज्या कुटुंबाला मदत जाते, त्याला संस्थेतला प्रत्यक्ष भेटणारा माणूस अनेकदा एकच असतो, तो म्हणजे तुम्ही.

२. याचा पगार मिळतो, की सेवा म्हणून फुकट करायचं असतं?

दोन्ही प्रकार आहेत. रोजच्या फेऱ्या असलेल्या संस्था सहसा पगारी ड्रायव्हर ठेवतात. आठवड्यातून एखादी फेरी किंवा आपत्तीच्या काळातलं वाटप स्वयंसेवकांवर चालतं.

पगारी असाल तर नेमणूकपत्र, कामाचे तास, जादा तासांचा मोबदला, सुट्ट्या आणि अपघात विमा हे सगळं इतर कोणत्याही नोकरीसारखंच लेखी मागा. "समाजाचं काम आहे, तासांचं काय घेऊन बसलात" असं कुणी म्हटलं तर शांतपणे सांगा की थकलेला ड्रायव्हर कुणाच्याच भल्याचा नाही (प्रश्न १२ पाहा). संस्था चांगली असेल तर तिला हे पटतं.

स्वयंसेवक म्हणून स्वतःची गाडी वापरणार असाल तर आधी विमा कंपनीला लेखी विचारा. खासगी वापराचा विमा संस्थेच्या मालवाहतुकीला लागू होतोच असं नाही. इंधनाचा खर्च कोण देणार, आणि पावती कुणाकडे द्यायची, हेही आधीच ठरवून घ्या.

३. माझ्याकडे कारचं लायसन्स आहे. टेम्पो किंवा मोठी व्हॅन चालवता येईल?

ते गाडीच्या एकूण वजनावर ठरतं, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन अधिक तिला परवानगी असलेला भार. युरोपीय संघात साध्या कारच्या लायसन्सवर साधारणपणे ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालते. भारतात हलक्या मोटार वाहनाची मर्यादा ७,५०० किलो आहे. तुमच्या देशाची मर्यादा पाहा आणि ती गाडीच्या नोंदणीच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. "बाकीचे चालवतात" हा पुरावा विम्यात चालत नाही.

कायद्याने परवानगी असली तरी सवय ही वेगळी गोष्ट आहे. बंद व्हॅनला आतला आरसा उपयोगी पडत नाही, सगळी भिस्त बाजूच्या आरशांवर असते. उंची जास्त असल्याने झाडाच्या फांद्या, लोंबत्या तारा, इमारतींचे छज्जे लागतात. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा उशिरा थांबते. मोकळ्या मैदानात रिव्हर्सचा सराव करून मगच गल्लीत शिरा. रिव्हर्स घेताना मदतनीस असेल तर त्याला गाडीच्या मागे उभं करू नका. त्याने बाजूला, तुमच्या आरशात दिसेल असं उभं राहायचं. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबवायची.

४. होकार देण्याआधी संस्थेला काय विचारू?

हा प्रश्न विचारणारे कमी, आणि विचारायला हवा होता म्हणणारे जास्त. निदान एवढं विचाराच: गाडीचा विमा कुणाला नि कशाला संरक्षण देतो? सोबत मदतनीस असेल की एकट्याने माल उतरवायचा? एका फेरीत साधारण किती घरं असतात? बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा, आणि तो माणूस फेरी संपेपर्यंत फोन उचलतो का? दंड झाला तर कोण भरतं (प्रश्न १९)? घरात शिरण्याबद्दल आणि फोटोंबद्दल संस्थेचा नियम काय (प्रश्न १३ आणि १४)?

संस्था तुमच्याकडे चारित्र्य पडताळणी मागेल. राग मानू नका. लहान मुलं, वृद्ध, आजारी माणसं असलेल्या घरांत तुम्ही जाणार असता. उलट असली काहीच चौकशी न करता कुणी दुसऱ्या दिवशी किल्ली हातात देत असेल, तर जरा जपून.

५. पहिले काही दिवस कसे जातात?

जुन्या ड्रायव्हरसोबत फेऱ्या होतात. आधी तुम्ही शेजारी बसता, मग तुम्ही चालवता आणि तो शेजारी बसतो. रस्ते तर नकाशाही दाखवतो. त्याच्याकडून शिकायचं ते वेगळंच असतं: कोणत्या इमारतीचं मागचं फाटक उघडं असतं, कोणत्या आजोबांना ऐकू येत नाही म्हणून दार जोरात वाजवावं लागतं, कोणत्या घरी रात्रपाळीवरून आलेला माणूस झोपलेला असतो. हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. वही ठेवा. मात्र त्यात नावं लिहू नका, थांब्याचा क्रमांक पुरे.

६. सकाळी गाडी काढण्याआधी नेमकं काय तपासायचं?

गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारा. टायर, काचा, आरसे, दिवे, इंडिकेटर, गाडीखाली तेलाचा किंवा पाण्याचा डाग. मग इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल. टायरमधली हवा गाडी थंड असतानाच मोजायची. गाडी चालली की हवा तापते, दाब वाढतो आणि आकडा फसवा येतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. स्टेपनीतली हवाही बघा, ती सगळ्यात जास्त विसरली जाते.

जॅक, पान्हा, त्रिकोणी फलक, प्रथमोपचार पेटी, विजेरी आहेत ना? आदल्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवली असेल तर पोचे आणि ओरखडे यांचे फोटो काढून नोंदवहीत लिहा. संशय घेण्यासाठी हे करायचं नसतं. नंतर कुणावर आळ येऊ नये म्हणून करायचं.

७. माल भरण्याची काही पद्धत असते का? मी तर जागा दिसेल तसा भरतो.

असते, आणि दिवस सुरळीत जाणार की खोकी उचकत जाणार हे इथेच ठरतं. शेवटच्या थांब्याचा माल आधी, सगळ्यात आत. पहिल्या थांब्याचा शेवटी, दाराजवळ. प्रत्येक खोक्यावर मार्करने थांब्याचा क्रमांक लिहा, आणि तो लागून असलेल्या दोन बाजूंवर. एकाच बाजूवर लिहिलं की नेमकी तीच बाजू भिंतीकडे वळलेली असते.

वजनाचा नियम वेगळा आहे. जड माल खाली आणि पुढे, म्हणजे केबिनमागच्या जाळीला किंवा भिंतीला टेकून. हलका माल वर. डाव्या-उजव्या बाजूला वजन सारखं. आता दोन्ही नियम भांडतात तेव्हा काय? पहिल्याच थांब्याला कपाट उतरवायचं असेल तर? तिथे वजनाच्या नियमाला मान द्या आणि थांब्यांचा क्रम बदलून घ्या. फेरी लावणाऱ्याला फोन केला तर पाच मिनिटांत क्रम बदलता येतो. मला असे फोन आलेले आवडतात.

पट्टे घट्ट बांधा. अनेक देशांच्या मार्गदर्शक नियमांत हिशोब असा आहे: बांधलेला माल पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के इतका जोर आला तरी हलता कामा नये. पुढचा आकडा मोठा, कारण सगळ्यात जोराचा धक्का ब्रेक मारल्यावर बसतो. दोन-तीन थांब्यांनंतर हौदा रिकामा होतो, उरलेल्या मालाला आधार राहत नाही आणि पट्टे सैल पडतात. म्हणून प्रत्येक थांब्यावर पट्टे पुन्हा आवळायचे. उघडा हौदा असेल तर ताडपत्री बांधल्याशिवाय निघू नका, आकाश निरभ्र असलं तरी. धुळीने माखलेली गादी कुणाच्या दारात न्यायची नाही.

८. गाडी अर्धीच भरलेली दिसते आणि गोदामवाले म्हणतात वजन पूर्ण झालं. खरं कुणाचं?

बहुतेक वेळा गोदामवाल्यांचं. गोण्या, पुस्तकं, डबाबंद वस्तू, पाण्याच्या बाटल्या जागा थोडी घेतात आणि वजन प्रचंड. कपडे आणि गाद्यांचं उलटं. परवानगी असलेल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, मग तुमचं, मदतनिसाचं, ट्रॉलीचं वजनही वजा करा. उरेल तेवढाच माल. जादा वजनाने ब्रेक उशिरा लागतात, टायर तापून फुटतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला कारण मिळतं. शंका असेल तर वजनकाट्यावर गाडी न्या किंवा दोन फेऱ्या करा.

९. जड सामान एकट्याने उचलावं लागतं का? जिने असतील तर?

फ्रीज, कपाट, पलंग, वॉशिंग मशीन: एकट्याने कधीच नाही. खोक्यांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या सूत्रात अगदी आदर्श स्थितीत, म्हणजे वस्तू अंगाजवळ, वळावं न लागता, पकडायला सोपी, अशी असताना २३ किलोची मर्यादा धरली आहे. गाडीच्या हौद्यातून वाकून काढायचं, वळायचं आणि जिना चढायचा म्हटलं की ती मर्यादा झपाट्याने खाली येते.

गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून, वस्तू छातीशी धरून उचला. उचललेल्या अवस्थेत कमरेतून वळू नका, पावलं टाकून वळा. जिन्यावर दोघांत जास्त भार खालच्या माणसावर येतो, म्हणून तिथे दणकट माणूस हवा आणि मोजून, बोलत बोलत चढायचं. घरातली माणसं मदतीला धावतात. हलक्या वस्तूंपुरतं ठीक, पण वृद्ध किंवा आजारी माणसाला कपाटाला हात लावू देऊ नका. जिना अरुंद निघाला तर सामान तळमजल्यावर सोडून येऊ नका. फोन करा आणि जास्त माणसांसह वेगळी फेरी लावून घ्या.

१०. शिजवलेलं अन्न किंवा औषधं न्यायची असतील तर काय वेगळं?

इथे घड्याळ आणि तापमान हेच दोन मालक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या सूचना सोप्या आहेत: गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड अन्न ५ अंशांच्या खाली, आणि शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त नाही. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. अन्न शिजून किती वाजता भरलं ते डब्यावर लिहून घ्या. वेळ लिहिलेली नसेल तर गोदामातच विचारा, रस्त्यात ते सांगणारं कुणी नसतं. दोन तासांची मोजणी तुमच्या गाडीत माल आल्यापासून सुरू होत नाही, अन्न गरम ठेवणं थांबलं तिथून सुरू होते.

गोठवलेला माल उणे १८ अंशांना ठेवतात. वितळून पुन्हा गोठवलेला माल देऊ नका. कच्चं मांस-मासे खाली, तयार अन्न वर, म्हणजे गळलं तरी दूषित होणार नाही. साफसफाईची रसायनं त्याच कप्प्यात नकोत.

औषधांत इन्सुलिनसारखी काही २ ते ८ अंशांत न्यावी लागतात आणि गोठली तर निकामी होतात. म्हणून बर्फाची पिशवी थेट औषधाला चिकटवायची नाही, मध्ये कापड किंवा पुठ्ठा ठेवायचा. औषध फक्त यादीतल्या माणसाच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हातात. शेजाऱ्याकडे ठेवणं इथे चालत नाही.

११. पाकिटावरची तारीख उलटून गेलीय. द्यायचं की नाही?

तारखेसोबतचे शब्द वाचा. "या तारखेपर्यंत वापरा" असं असेल तर ती सुरक्षिततेची तारीख, ती उलटल्यावर देऊ नका. "या तारखेपूर्वी उत्तम" असेल तर ती चवीची आणि दर्जाची तारीख. कोरडी, न फुटलेली वस्तू त्यानंतरही खाण्याजोगी असू शकते. पण ती वाटायची की नाही हे संस्थेने आणि तिथल्या कायद्याने ठरवायचं, ड्रायव्हरने दारात नाही. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा तारीख काहीही असो, बाजूला काढा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर: जी वस्तू आपण आपल्या घरी वापरणार नाही, ती दुसऱ्याच्या घरी न्यायची नाही.

१२. फेऱ्या जास्त असतात, फोनही सतत वाजतो. सगळं कसं सांभाळायचं?

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद फोनकडे पाहिलंत तर ३३ मीटर आंधळेपणाने गेलात. म्हणून पत्ता गाडी उभी असतानाच टाकायचा, आणि फोन वाजला तर पुढच्या सुरक्षित जागी थांबून उलट फोन करायचा. फेरी लावणाऱ्यांना हे माहीत असतं, नसेल तर सांगा.

थकव्याचंही तसंच. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असं संशोधनात दिसून आलं आहे. रात्री दुसरी नोकरी करून सकाळी गाडीवर येणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. युरोपीय संघात मोठ्या मालगाड्यांच्या ड्रायव्हरला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. तुमची गाडी लहान असेल, कायदा लागू नसेल, तरी शरीर तेच आहे. सगळे थांबे फेरीत बसत नसतील तर ते कमी करून मागा. राहिलेलं घर उद्या पहिलं घेता येतं.

१३. दारात गेल्यावर काय बोलायचं? मला फार अवघडल्यासारखं होतं.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. अवघडलेपण तुमचं असतं त्याहून समोरच्याचं जास्त असतं. शेजारी बघतायत, मुलं बघतायत, आणि कुणीतरी फुकट काही आणून देतंय.

आवाज खाली ठेवा. पूर्ण नाव, आदराने: "ताई, तुमचं सामान आणलंय. कुठे ठेवू?" एवढं बास. "मदत आलीय", "वाटप आलंय", "लाभार्थी कोण?" हे शब्द दारात नकोत. ते कार्यालयाचे शब्द आहेत. "कुठे ठेवू?" हा प्रश्न मुद्दाम विचारायचा, कारण त्यामुळे घर त्यांचं आणि निर्णयही त्यांचा राहतो. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही. आत गेल्यावर घराकडे निरखून बघायचं नाही, "एवढ्या जागेत कसं राहता" असलं काही म्हणायचं नाही. आभार मानले तर हसून स्वीकारा. "अहो, त्यात काय, आमचं कामच आहे" हे पुरेसं असतं. भाषण देऊ नका, आणि कृतज्ञता दिसली नाही तर मनात धरू नका. त्या दिवशी त्या घरात काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक नसतं.

सही घेताना कागद त्यांच्याकडे वळवून कशासाठी सही आहे ते सांगा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि अंगठा घ्या. यादीवर बाकीच्यांची नावं, पत्ते, फोन असतात, ते कुणाला दिसता कामा नयेत. आमच्याकडच्या एका जुन्या ड्रायव्हरने त्यासाठी पुठ्ठ्याची पट्टी कापून घेतली आहे. मध्ये एकाच ओळीएवढी खाच आहे. ती यादीवर सरकवत नेली की समोरच्याला फक्त स्वतःचं नाव आणि सहीची जागा दिसते. त्याचं बघून आता सगळ्या गाड्यांत तशी पट्टी आहे.

१४. संस्थेने पुराव्यासाठी फोटो मागितलाय. घेणाऱ्याचा चेहरा घ्यायचा?

पुराव्यासाठी माल दारात ठेवलेला फोटो आणि सही बहुधा पुरते. चेहऱ्याचा फोटो घ्यायचाच असेल तर आधी, सामान देण्यापूर्वी, स्पष्ट विचारा आणि नाही म्हटलं तरी सामान मिळणारच हेही सांगा. सामान पुढ्यात ठेवून "एक फोटो काढू का?" असं विचारलं तर माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि तशी संमती खरी नव्हे. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाहीत. काढलेला फोटो स्वतःच्या स्टेटसवर किंवा मित्रांच्या ग्रुपवर कधीही टाकू नका.

देणगीदारांना फोटो हवे असतात, हे मला कळतं. त्यांना गोदामाचे, भरलेल्या गाडीचे, सामानाचे फोटो द्या.

१५. घरी कुणी नसेल तर? शेजारी म्हणतात आमच्याकडे ठेवा.

निघण्याआधी अर्धा तास फोन करण्याची सवय लावली तर हा प्रसंग कमी येतो. आलाच, तर फोन करा, दहा-एक मिनिटं थांबा, मग कार्यालयाला कळवून पुढे जा. शेजाऱ्याकडे ठेवायचं असेल तर यादीतल्या माणसाने फोनवर स्वतः होकार द्यायला हवा. तोपर्यंत शेजाऱ्याला पेटीत काय आहे किंवा कुठून आलंय हे सांगू नका. त्या कुटुंबाने मदत घेतोय हे कदाचित कुणालाच कळू दिलेलं नसेल. नाशवंत अन्न दाराबाहेर सोडून येऊ नका (प्रश्न १०).

१६. बाजूचे लोक "आम्हालाही द्या" म्हणतात, किंवा घरचेच जास्त मागतात. काय करू?

तुमच्या गाडीतलं प्रत्येक खोकं कुणाच्यातरी नावाचं आहे. एक इथे दिलं तर पुढे एक घर रिकामं राहतं. हे शांतपणे, न ओरडता सांगा आणि संस्थेचा नंबर असलेला कागद द्या. असे छापील कागद गाडीत कायम ठेवा. "बघतो", "पुढच्या वेळी आणतो" असं मोघम आश्वासन देऊ नका, लोक त्या आशेवर थांबतात. मागणी खरी वाटली तर त्यांना विचारून नाव-नंबर घ्या आणि कार्यालयाला द्या. गर्दी वाढून दबाव येऊ लागला तर दार बंद करा, गाडीत बसा, निघा आणि मग फोन करा. माल परत आणल्याबद्दल कुणी रागावणार नाही.

घेणाऱ्यांनी पैसे देऊ केले तर घ्यायचे नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. त्यांना संस्थेला काही द्यायचंच असेल तर कार्यालयाकडून पावती मिळते.

१७. देणगी आणायला गेलो आणि सामान मोडकं निघालं. नाही म्हणता येतं?

येतं, आणि म्हणायला हवं. तुटका पलंग, डाग पडलेली किंवा ढेकूण असलेली गादी, वायर उघडी पडलेलं उपकरण गोदामात आणलं की विल्हेवाटीचा खर्च संस्थेवर पडतो. गादीच्या शिवणीत बारीक काळे ठिपके दिसले तर ती गाडीत चढवूच नका, बाकी सगळा माल आणि गाडी दोन्ही धोक्यात येतात. देणगीदाराला दुखवायचं कारण नाही: "आम्हाला हे पुढे देता येणार नाही, पण तुम्ही आठवण ठेवलीत त्याबद्दल आभार." नियमांचा छापील कागद जवळ असला तर तुमच्यावर वाईटपणा येत नाही.

फ्रीज मिळाला तर उभाच न्या. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. नाइलाजाने आडवा न्यावा लागलाच तर उतरवल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा, आणि हे घेणाऱ्याला सांगून, फ्रीजवर लिहूनही ठेवायचं. दाराला चिकटपट्टी लावा, कप्पे वेगळे काढून गुंडाळा. कपाटं आणि पाकिटं घेताना कप्पे, खिसे बघा. कागदपत्रं, दागिने, फोटो राहिलेले असतात. सापडलं तर तिथल्या तिथे देणगीदाराला परत करा. गोदामात लक्षात आलं तर साक्षीदार ठेवून नोंद करा.

१८. संध्याकाळी हिशोब जुळत नाही. एक खोकं जास्त उरलंय किंवा कमी पडलंय. उरलेलं घरी नेलं तर?

जसं आहे तसं लिहा. यादीला मारून मुटकून जुळवू नका. एक खोकं उरलं याचा अर्थ बहुधा एखाद्या घरी कमी गेलं, आणि ते त्याच दिवशी शोधलं तर सापडतं. आठवड्याने नाही. उरलेलं काहीही, अगदी नाशवंत आणि फेकून द्यावं लागणारं असलं तरी, परवानगीशिवाय घरी न्यायचं नाही. कर्मचाऱ्यांनी काय न्यावं याचा नियम काही संस्थांत असतो. असेल तर लेखी नोंद करून न्या. तुम्हाला स्वतःला घरी अडचण असेल तर कार्यालयात उघडपणे सांगा. मदत मागणाऱ्या ड्रायव्हरला कमी लेखणारी संस्था असेल तर दोष संस्थेचा.

१९. दंड झाला किंवा गाडी कुठे घासली तर कोण भरणार?

वेग, सिग्नल, फोन, सीटबेल्ट यांचा दंड सहसा ड्रायव्हरचा. विमा, कागदपत्रं, गाडीची नादुरुस्ती यांचा संस्थेचा. पार्किंगचा मात्र वादाचा असतो, म्हणून आधी ठरवा (प्रश्न ४). गाडी नादुरुस्त असल्याचं तुम्ही सकाळी लेखी कळवलं असेल तर तुमची बाजू भक्कम असते. प्रश्न ६ मधली नोंद इथे कामाला येते.

अपघात झाला तर क्रम एकच: जागा सुरक्षित करणं, आपत्कालीन सेवेला फोन, जखमींना मदत, मग कार्यालय. फोटो काढा, साक्षीदारांचे नंबर घ्या. रस्त्यात नुकसानभरपाईचं तोंडी कबूल करू नका. चाक बदललं असेल तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

२०. एखाद्या घरात काही गंभीर दिसलं तर? मी फक्त ड्रायव्हर आहे.

अंगावर वळ असलेलं मूल, कोंडून ठेवलेला म्हातारा माणूस, मागच्या वेळचं सामान न उघडता तसंच पडलेलं, नेहमी दार उघडणारी बाई आज दारच उघडत नाही. अशा गोष्टी आधी ड्रायव्हरलाच दिसतात. तुम्ही चौकशी करायची नाही, जाब विचारायचा नाही, घरच्यांसमोर फोन करायचा नाही. गाडीत येऊन जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच, वेळेसकट लिहा आणि संस्थेने नेमलेल्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी सांगा. जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र आधी आपत्कालीन सेवा, मग संस्था. "हे कुणाला सांगू नका" असं एखाद्या मुलाने म्हटलं तर तसं वचन देऊ नका. "जे मदत करू शकतात त्यांनाच सांगेन" एवढं म्हणा. सहकाऱ्यांशी गप्पांत हे बोलायचं नाही.

२१. घरी गेल्यावरही ती घरं डोळ्यांसमोरून जात नाहीत. हे होतं का?

होतं, आणि ते चुकीचं नाही. रोज अडचणीतली माणसं पाहणाऱ्या कुणालाही ते लागतं. फेरी संपल्यावर मदतनिसाशी किंवा फेरी लावणाऱ्याशी थोडा वेळ बोला. नावं न घेता बोलता येतं. झोप उडाली, चिडचिड वाढली, एखाद्या घरी जायचंच नको वाटू लागलं तर थांबा बदलून मागा, समुपदेशनाची सोय आहे का विचारा. स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला सुरुवात करू नका. भावना समजते, पण एकदा सुरू झालं की तुम्हालाही झेपत नाही आणि त्या कुटुंबालाही पुढच्या वेळी तुमच्यासमोर अवघडल्यासारखं होतं. त्यापेक्षा त्या घराची वाढीव गरज कार्यालयात मांडा आणि तिचा पाठपुरावा करा.

२२. यादीत माझ्या ओळखीच्या माणसाचं, अगदी नातेवाइकाचं नाव निघालं तर?

गाडी निघण्याआधीच सांगा. नातेवाईक असेल तर तो थांबा दुसऱ्या ड्रायव्हरला द्यायचा. कमी-जास्त दिल्याचा संशय तुमच्यावर येऊ नये, हे एक कारण. ओळखीचा असेल, जुना सहकारी, मुलाच्या वर्गातल्या मित्राचे वडील, तर त्यांना कार्यालयातून फोन करून विचारता येतं की अमुक ड्रायव्हर आला तर चालेल का. पुष्कळदा चालतं. नको म्हटलं तर कारण विचारायचं नाही.

आणि न कळता दारात गेल्यावरच ओळख पटली तर नेहमीसारखंच वागा: नाव, सामान, "कुठे ठेवू?", सही. ओळख दाखवायची की नाही हे त्यांच्यावर सोडा. ते बोलले तर बोला. नंतर बाहेर कुठे भेट झाली तर त्या दिवसाचा विषय तुम्ही काढू नका, घरीही सांगू नका. कार्यालयाला मात्र कळवून ठेवा, म्हणजे पुढची फेरी लावताना त्यांच्या इच्छेप्रमाणे ड्रायव्हर बदलता येतो.